दुसऱ्या फेरीची अळंबी

शाळेच्या खानावळीत मुलांसाठी रांधण्यातच लुबाची उभी हयात गेली. दोन्ही मुलगे पोटापाण्यासाठी परदेशी गेले, घर खायला उठलं, म्हणून त्या शरदात तिनं थायलंडहून चार महिन्यांसाठी त्यांच्या गावच्या शाळेत शिकायला आलेल्या पिमला घरी ठेवून घेतलं. पोर गुणाची, पण तिच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नव्हता. आणखी वाढू का? हो. थंडी सोसते ना? हो.

“आपल्या पोरांपेक्षा बरी,” लुबाचा नवरा ओटा म्हणायचा. “उलट उत्तर नाही.”

लुबाला मात्र त्या ‘हो’ची धास्ती वाटे. पोट तुडुंब भरलेलं पोरही भिडेपोटी ताट पुढे करतं, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

त्या शनिवारी दुपारी ती बहिणीकडून परतली, तर दारातच लिंबू-मिरचीचा झणझणीत वास आला. ओटा पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसत होता.

“ये, ये! तुझी नोकरी गेली आता. काय सूप केलंय पोरीनं! दोन वाडगे हाणले मी.”

सकाळी दोघं अळंबी वेचायला रानात गेली होती. पिम चुलीपाशी लाजत उभी होती. लुबानं चपला बदलल्या आणि सवयीनं कापायची फळी आवरायला घेतली. सालपटांत देठाचं एक बूड पडलं होतं. फुगीर. भोवती फाटकी पांढरी पिशवी, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. रानातल्या जहरी अळंबीची हीच खूण; लुबानं ते उचलून ओटासमोर धरलं.

“ओटा, हे कुठलं?”

“कुठलं म्हणजे? सगळी टोपली मी तपासलीय.”

त्या गावात रीतच होती. टोपली कुणाचीही असो, घरातलं जाणतं माणूस एकेक अळंबी उलटी करून बघणार, मगच तिला सुरी लागणार. आणि जाणत्याला ‘नीट बघितलंस का’ विचारणं म्हणजे पाद्रीबाबाला प्रार्थना येते का विचारण्यासारखं.

“पिम, बाबांनी हे बघितलं होतं?”

पिमनं आधी ओटाकडे पाहिलं. “हो, आई.”

“झालं समाधान?” ओटा फुरंगटला. “लहानपणापासून रान तुडवतोय मी. बूड चिखलानं माखलंय, तुला भलतंच दिसतंय.”

“दवाखान्यात चल.”

“डॉक्टर हसेल तोंडावर! मला काही होतंय का?”

“आत्ता होत नाही, हेच तर वाईट आहे. दुखायला लागेल तेव्हा यकृताची माती झालेली असेल!”

ओटानं हाताची घडी घातली. तो हटून बसला की बैलजोडी लावली तरी हलायचा नाही. लुबानं पुन्हा पिमकडे पाहिलं. पोरीची नजर जमिनीवर, बोटं अ‍ॅप्रनची कड पिळत होती.

लुबानं कपाटातून स्वच्छ वाडगा काढला, सूप ओतलं आणि टेबलाशी बसली. “बरं तर. बाबांनी बघितलंय ना? मग मीही जेवते.”

चमचा ओठांपर्यंत गेला.

“नाही!” पिमनं झडप घातली. वाडगा जमिनीवर आपटून फुटला. “नाही, आई, नको!”

आणि मग बांध फुटला. “पहिली टोपली बाबांनी बघितली. ती कमी पडली. मी परत गेले, त्या मोठ्या झाडांखाली. आमच्याकडे भाताच्या पेंढ्यावर खायची येतात ना, तशीच होती. बाबांना दाखवली. बाबा खुर्चीत होते, डोळे मिटलेले. ‘छान’ म्हणाले. बाबा झोपेत होते, असं मी कसं सांगू?”

“तू खाल्लंस?”

“थोडं. चव बघताना.”

ओटानं हाताची घडी सोडली. तो उठला आणि जोडे शोधू लागला.

दवाखान्यातला डॉक्टर हसला नाही. लुबानं कागदी पिशवीत आणलेलं ते बूड त्यानं दिव्याखाली धरलं आणि मोठ्या शहराच्या इस्पितळाला फोन लावला. दोघांना विष शोषून घेणारी कोळशाची काळी पूड पाजली, सलाइन लावलं आणि रुग्णवाहिकेतून पुढे धाडलं. दुसऱ्या दिवशी दोघांना उलट्या सुरू झाल्या. लुबा दोन खाटांच्या मध्ये बसून एकदा ह्याचं, एकदा तिचं भांडं धरत होती. पिमच्या आईचा फोन आला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पलीकडची रडत होती, आणि लुबा नुसतं “पिम, पिम” म्हणत राहिली.

पिमच्या रक्ताचे अहवाल आधी सुधारले. ओटाच्या यकृताचे आकडे मात्र चढतच होते. तिथले डॉक्टर येऊन ते वाचायचे आणि पुन्हा रक्त काढायला सांगून जायचे. शेवटी एका सकाळी ते खाटेशी थांबले. “आकडे उतरायला लागले,” म्हणाले. लुबानं खाटेची दांडी घट्ट धरली.

दुपारी ओटा क्षीण आवाजात म्हणाला, “पोरी, मी बघितलंच नव्हतं. तू मला हलवून उठवायचंस.” थोड्या वेळानं तो कोपरावर रेलला. “आता जरा व्हरांड्यात जाऊन येतो. चालेल ना, पिम?”

पिम सवयीनं मान डोलावणार होती. थांबली.

“नाही, बाबा. डॉक्टर पडून राहा म्हणाले.”

ओटानं लुबाकडे पाहिलं. “बिघडवलीस हिला.”

“गप पड!” दोघी एकदम म्हणाल्या.