नऊ पानं आणि लाल स्टूल

ही गोष्ट सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. महिन्यापूर्वी सुमित्राअक्का गेल्या. शोकसभेत ती पुन्हा चुकीचीच सांगितली गेली, सगळे प्रेमाने हसले, आणि मीही हसलो. म्हणून आता लिहितो.

अक्का पिढ्यान्‌पिढ्यांच्या बंगळूरकर. मराठी बोलता बोलता कन्नडमध्ये शिरायच्या आणि परत यायच्या, समोरच्याला पत्ताही लागायचा नाही. आम्ही एकाच आरोग्य-संशोधन संस्थेत होतो. संशोधनातून कळलेलं दवाखान्यापर्यंत का पोचत नाही, यावर दरवर्षी आमची दोन दिवसांची कार्यशाळा असे. डॉक्टर, नर्स, सरकारी अधिकारी, सगळे एका हॉलमध्ये. पहिल्या वर्षी प्रत्येकाने फक्त आपलं यश सांगितलं. अक्कांना जांभया आवरेनात. दुसऱ्या वर्षी त्या चिकपेटेच्या बाजारातून प्लॅस्टिकचं एक लाल स्टूल घेऊन आल्या. जेवणाआधी कुणीतरी त्यावर बसून स्वतःची चूक सांगायची. त्याशिवाय जेवण वाढायचं नाही. स्टूल इतकं ठेंगणं, की त्यावर मोठा साहेबही शाळकरी दिसे.

तिसऱ्या वर्षी देवनहळ्ळीकडच्या आरोग्य केंद्रांमधले गर्भवतींचे फॉर्म पडद्यावर आले. एकेक फॉर्म नऊ पानांचा. सगळ्या बायांची उंची सारखी, वजन सारखं, रक्तदाबही सारखा! नर्स तरी काय करणार, महिनाअखेरीला एका बैठकीत सगळे भरून मोकळ्या होत. हॉल हसून बेजार झाला. आमच्या संस्थेचे वरिष्ठ अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, हा फॉर्म कुणी केला?

मी केला होता. परदेशी शोधनिबंध पुढ्यात ठेवून, एकही प्रश्न न गाळता. पण माझी बढती तेव्हा त्यांच्याच टेबलावर होती. मी म्हणालो, "सुमित्राअक्कांनी."

अक्कांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पदर खोचून स्टुलावर जाऊन बसल्या. "सरी, बरं, माझाच. स्वल्प लांबला. आता कुठली पानं फाडायची, ते ह्या नर्सच सांगतील."

जेवणाची वेळ होईपर्यंत एक पान उरलं. तेच पुढे सगळ्या केंद्रांवर गेलं आणि खरोखरीचं भरलं जाऊ लागलं. मला बढती मिळाली. अक्कांना 'नऊपानी अक्का' हे नाव मिळालं, आणि नवे फॉर्म करण्याच्या कामातून त्यांना वगळलं गेलं.

त्या संध्याकाळी एका कॉफीचे दोन भाग करून घेताना त्यांनी विचारलं, "अण्णा, स्टुलावर बसायला गुडघे दुखतात काय?"

"थोडे," मी म्हणालो.

"मग पुढच्या वर्षी बसा."

त्यानंतर दरवर्षी त्या स्टूल माझ्यापुढे आणून ठेवत. "गुडघे?" "अजून आहेत दुखत." मग हसून ते दुसऱ्याकडे सरकवत. लोकांना वाटे, हा आमच्या वयाचा विनोद… अकरा वेळा त्यांनी विचारलं असेल.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुलीने ते स्टूल माझ्या घरी आणून दिलं. आईने तसं सांगून ठेवलं होतं म्हणे. आता ते दाराशी असतं, बूट घालताना मी त्यावर बसतो. गुडघे खरंच दुखतात.

अक्का, तो फॉर्म माझा होता. हे तुमच्यादेखत, सगळ्यांसमोर सांगून माफी मागायची होती… जेवणाआधी.