आवडत नाही, तरी घेतो

निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला तेव्हा ताईला आधी थट्टाच वाटली. "बाई," ते बोबडं बोलत म्हणाले, "हे दात माझे नाहीत."

खरंच नव्हते. धाकट्यानं हेडमास्तरांच्या डबीत भलत्याच कुणाची कवळी घातली होती. वीस वर्षं हे दोघं बहीण-भाऊ कवळ्या बनवत होते. ताई दवाखान्यांतून रुग्णांच्या जबड्यांचे ठसे आणायची आणि धाकटा दात बसवायचा. त्याचा हात असा, की त्यानं केलेल्या कवळीनं म्हातारे खुशाल सफरचंद चावायचे. पण गेली तीन वर्षं तो कोकेन ओढत होता आणि त्या हाताचं मातेरं झालं होतं.

"कुठे होतं तुझं लक्ष?" तिनं विचारलं.

"ताई, उद्यापासून बंद. अगदी नक्की."

त्याचे उद्या ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. महिनाभर उपचार केंद्रात राहून तो परत आला, तेव्हा तिनं निःश्वास सोडला. बाराव्या दिवशी दुपारी तो जेवायला म्हणून गेला आणि नाक पुसत, भलत्याच घाईनं बोलत परतला. त्याला काही विचारायचीही गरज नव्हती.

"इतकं कसं आवडतं रे तुला ते?"

धाकटा खाली बघत म्हणाला, "आवडत नाही ताई. पहिलं वर्षभर मजा आली असेल. आता नुसती धडधड होते आणि भीती वाटते."

"आवडत नाही, मग घेतोस कशाला?"

"तेच तर मला कळत नाही."

ताईनं कपाळावर हात मारला. न आवडणाऱ्या भाजीला हा माणूस लहानपणी बोटही लावत नसे.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी शांतपणे समजावलं. मेंदूत 'हवं' म्हणणारी एक यंत्रणा असते आणि कपाळामागे 'थांब' म्हणणारा भाग. कोकेननं पहिली शेफारते आणि दुसरा लुळा पडतो. मजा संपते, ओढ मात्र उरते. हे सुधारतं, पण त्याला महिनोन्महिने लागतात. तोवर ज्या गोष्टीची त्या पुडीशी गाठ बसलीय, ती नुसती दिसली तरी मेंदू धावत सुटतो, माणसाला नंतर कळतं.

"म्हणजे याचा काही दोषच नाही?" ताई तडकली.

"जबाबदारी त्याचीच आहे. पण नुसतं दटावून तो भाग बळकट होत नाही." मग बाई धाकट्याकडे वळल्या. "त्या दिवशी जेवायला जाण्याआधी काय करत होतास?"

"प्लास्टर साफ करत होतो. टेबलावर पांढरी भुकटी सांडली होती. पट्टीनं सरळ रेघेत ओढली आणि..."

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करायचा, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं काम. हा माणूस उपचारांहून थेट कोकेनसारख्याच पांढऱ्या भुकटीच्या ढिगात येऊन बसला होता, आणि बसवलं होतं तिनंच.

"हे मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तू हसशील असं वाटलं."

"मी शेवटची कधी हसले, आठवतंय तुला?"

त्याच आठवड्यात तिनं प्लास्टरची पोती मागच्या खोलीत हलवली आणि त्रेपन्नाव्या वर्षी साचे ओतायला शिकली. साच्यांत बुडबुडे राहायचे. धाकटा ते दाखवायचा, आणि तिला वाटायचं, याच्याच डोक्यावर ओतावं. त्याच्याकडे आता फक्त मेण आणि दात. जुन्या दोस्तांचे नंबर त्यानं तिच्यासमोर पुसले. दुपारी दोघं एकत्र जेवायची, बहुतेक वेळा न बोलता.

पाचव्या महिन्यात तो सकाळी येऊन दारातच उभा राहिला. "काल घेतलं. तू विचारायच्या आधी सांगतोय."

ताई अर्धा तास बोलली, आणि त्यातलं एकही वाक्य गोड नव्हतं. त्यानं ते ऐकून घेतलं. मग तिनं केंद्रात फोन लावून त्याच्या हातात दिला.

त्या फोनला आता चौदा महिने झाले. अजून तरी त्यानं पुन्हा घेतलेलं नाही. दर गुरुवारी ती त्याला केंद्रात सोडते आणि बाहेरच्या कडक बाकावर तासभर चरफडत बसते. शेजारच्या बाईंनी परवा विचारलं, "सुधारला का हो भाऊ?"

"सुधारतोय," ताई म्हणाली. "माझा जीव घेत घेत."