दाखल्यातलं विशेषण

कात्र्यांच्या त्या कारखान्यात इंग्रजीची एकूण पाच विशेषणं वापरात होती आणि पाचही बाईंच्या टाइपरायटरमधून बाहेर पडत. कामगार नोकरी सोडून निघाला की त्याला दाखला मिळे. नाव, खातं, किती वर्षं काम केलं, आणि खालच्या ओळीत एक विशेषण. मोठे साहेब ते खुर्चीत मागे रेलून, छताकडे पाहत सांगत. 'सिन्सिअर' म्हणजे रोज येतो, आल्यावर काय करतो ते विचारू नका. 'हार्डवर्किंग' म्हणजे डोकं नाही. 'ऑनेस्ट' म्हणजे दुसरं काही सुचलं नाही. 'केअरफुल' म्हणजे सावध, म्हणजे सावकाश, म्हणजे दुसरा कोणी मिळाला तर बघा. आणि पाचवं 'कीन'. हे साहेबांनी आयुष्यात चार-पाच जणांनाच दिलं असेल. आसपासच्या कारखान्यांतले साहेबलोक दाखल्याच्या वरच्या ओळी वाचतच नसत. खालचं विशेषण पाहून माणूस आत घेत किंवा बाकावर बसवून ठेवत. एवढ्यावर घरं चालत होती.

बाईंची खोली स्टोअर आणि साहेबांची केबिन यांच्या मधोमध होती. भिंतीत एक चौकोनी खिडकी होती, तिच्यासमोर रांग लागे. खिडकीतून माणूस छातीपासून वरच दिसायचा, त्यामुळे तीस वर्षांत बाईंना अख्ख्या कारखान्याचे चेहरे पाठ होते, पण कोण लंगडतो ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घासणीखात्यातली लोखंडाची भुकटी टाइपरायटरच्या रिबिनीवर बसायची. ती फुंकून बाई दिवसाची सुरुवात करत.

तपासणीखात्यात एक माणूस होता, त्याला सगळे 'तीनदा' म्हणत. तयार कात्रीनं ओलं, तलम कापड टोकापर्यंत एकदा कापून बघायचं, अडकलं नाही तर कात्री पास, असा नियम होता. हा प्रत्येक कात्री तीनदा बघायचा. त्यामुळे त्याच्या हातून गेलेली एकही कात्री कधी परत आली नाही, आणि त्याच्या हातून फारशा कात्र्या गेल्याही नाहीत. खात्यातली माणसं कमी करायची ठरलं तेव्हा पहिलं नाव कोणाचं, हे विचारायला नको.

दाखल्यासाठी तो तीन दिवस रांगेत होता. रांग काही एवढी मोठी नव्हती, पण मागून कोणी आलं की हा म्हणायचा, "तुमचं होऊ द्या, मला काय घाई?" शेवटी त्याचा नंबर लागला. साहेबांनी छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "केअरफुल."

बाईंनी कागद चढवला. 'केअरफुल' लिहिलं की हा माणूस गावभर बाकांवर बसणार, हे त्यांना दिसत होतं. घरी बायको, पाळण्यात मुलगी, हाताखाली वाढणारा धाकटा भाऊ. बाईंनी दुसराच शब्द मारला. चार कळा. साहेबांनी न वाचता सही केली, ते कधीच वाचत नसत. त्या दुपारचा चहा बाईंना नेहमीपेक्षा बरा लागला.

दोन दिवसांनी तीनदा पुन्हा खिडकीशी. हातात वही.

"बाई, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?"

"चांगला आहे. काळजी करू नका."

"चांगला आहे ते कळलं. पत्र्याच्या कारखान्यातल्या साहेबांनी वाचला आणि मला खुर्ची दिली. मला आजवर कोणी खुर्ची दिली नव्हती. पण म्हणजे मी नक्की कसा आहे?"

बाईंना वाचनाची आवड होती, आणि कोणी शब्दाचा अर्थ विचारला की त्यांना राहवत नसे. त्यांनी सांगितलं, हा शब्द मराठीत एका जागी बसत नाही. एखाद्या गोष्टीची मनापासून हौस असली की माणूस तिच्याबद्दल कीन. काम दिसल्यावर हात शिवशिवले तरी कीन. नजर बारीक असली, कान तिखट असले, तरी तेच म्हणायचं. आपल्या कात्रीची धार कीन, अंगाला झोंबणारा वारा कीन, दोन दुकानदारांची चुरस लागली तर तीही कीन.

तीनदा सगळं वहीत उतरवत होता. "वारा पण?"

"वारा पण."

"मग मी वाऱ्यासारखं वागायचं की कात्रीसारखं?"

"कशासारखं नाही हो. जरा पुढे व्हायचं, बस."

"पुढे व्हायचं," असं म्हणत त्यानं तेही लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सहा-सात महिन्यांनी तो सहज भेटायला म्हणून आला. फाटकापासून खिडकीपर्यंत भरभर चालत आला होता आणि धापा टाकत होता. डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी होती. "जमतंय, बाई," तो म्हणाला. "पहिले दोन महिने हात अर्धाच वर जायचा. आता साहेबांनी 'कोण जातो?' म्हटलं की मला कळायच्या आत माझा हात वर असतो." लग्नासाठी दुसऱ्याचा कोट मागून आणलेला माणूस जसा डाग पडेल म्हणून धड बसत नाही, तसा त्याचा चेहरा होता. बाईंनी "जपून हो" म्हटलं. तो हसला. "आता जपून कसं चालेल?"

अकराव्या महिन्यात बातमी आली. पत्रा कापायच्या यंत्रात तुकडा अडकला होता. फिटर येईपर्यंत थांबा, असं सगळे म्हणत होते. हा पुढे झाला आणि आत वाकला.

त्याचं तेरावं होऊन गेलं. पुढच्या महिन्यात रजेच्या अर्जांची रांग लागली, तेव्हा तीनदा तिच्यात सगळ्यांच्या मागे उभा होता.

पहिल्यांदा बाईंच्या हातून कार्बन पेपरची अख्खी थप्पी खाली पडली. मग, गळक्या नळाची होते तशी, त्यांना सवय झाली. ओल्या कापडाची एक चिंधी त्याच्या बाहीला चिकटलेली असायची. तो काही बोलत नसे, हातवारे करत नसे, डोळे वटारत नसे. या बाबतीत त्याचं वागणं जिवंत कामगारांपेक्षा कितीतरी बरं होतं. रांग नसताना तो कधी आला नाही, तसं येणं त्याला प्रशस्त वाटत नसावं. आणि रांगेत मागून कोणी आलं की बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा. त्यामुळे नऊ वर्षांत त्याचा नंबर काही लागला नाही.

बाई थोरल्या बहिणीजवळ राहत. या बहिणीला, अक्काला, ऐकू कमी यायचं, पण जेवढं यायचं तेवढ्यावर ती मतं पूर्ण देई.

"आज आला होता?"

"आला होता."

"काही म्हणाला?"

"रांगेत होता."

"मग एकदा हाक मारून पुढे घे की त्याला! काय हवंय विचार आणि मोकळी हो."

"त्याला काय हवंय ते मला माहीत आहे, अक्का."

"मग तर सोपंच आहे," असं म्हणून अक्का भाजी निवडायला लागे. सोपं नव्हतं. त्याच्या नावापुढचा शब्द कोणाचा होता, हे बाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. साहेबांना नाही, आणि साहेब गेल्यावर सांगायला वर कोणी उरलं नाही.

मग कारखानाच बंद व्हायची वेळ आली. बंद करायला एक वेगळे साहेब नेमले होते, माणूस सभ्य, कायम घड्याळ बघणारा. "कोण कसा आहे ते तुम्हालाच ठाऊक," ते बाईंना म्हणाले. "दाखले तुम्हीच लिहा, मी सह्या करतो." एका आठवड्यात त्रेचाळीस दाखले. रांग पार फाटकापर्यंत गेली आणि तिच्या टोकाला, मान जरा खाली घालून, तीनदा.

तिसऱ्या दिवशी खिडकीत त्याचा धाकटा भाऊ आला. हा गेली आठ वर्षं घासणीखात्यात होता. ठिणग्या उडत असताना डोळ्यांवर लावायचा चष्मा याच्या खिशात असायचा. हात सोडून सायकल चालवायचा, आणि बघायला कोणी नसलं तरी चालवायचा.

"बाई, पुलाच्या कामावर माणसं घेतायत. वर चढणारी वेगळी, खाली स्टोअरला वेगळी. मला वर जायचंय. दादाला दिला होता तोच शब्द टाका."

"बघते."

"बघायचं काय त्यात? घरी भिंतीवर काचेत लावलाय दादाचा दाखला. आमचं घराणंच कीन आहे."

"घराण्याचा शिक्का करून घे मग," मागून कोणीतरी म्हणालं आणि रांग हसली. शेवटचा माणूस सोडून सगळे हसले.

"उद्या या," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडायच्या आधीच तीनदाची बायको दारात उभी होती. बाईंनी तिला आत घेतलं, स्टूल दिलं. ती स्टुलाच्या कडेवर बसली.

"बाई, भावजींना तो शब्द देऊ नका."

"का?"

"ह्यांना दिला आणि हे बदलले. जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या उतरायचे, आणि खाली जाऊन भिंत धरून उभे राहायचे. मी म्हणायची, कोणासाठी करताय हे? तर म्हणायचे, साहेबांनी माझ्यात काहीतरी बघितलं असणार. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खोटा कसा पाडू?"

बाईंनी टाइपरायटरवरचं कापड काढलं, पुन्हा घातलं.

"साहेबांनी तो शब्द सांगितला नव्हता," त्या म्हणाल्या. "मी टाकला."

बाहेर रांग जमायला लागली होती, त्यांच्या चपलांचा आवाज येत होता.

"साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"सावध."

"होतेच की तसे," ती म्हणाली. "मग तेच का नाही लिहिलंत?"

"कोणी कामावर घेतलं नसतं."

"नसतं घेतलं तर घरी बसले असते." तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. उठताना ती म्हणाली, "हे भावजींना सांगा. माझ्याकडून ऐकायचे नाहीत, त्यांना वाटेल वहिनी घाबरते. आणि मला आता तुमच्याकडे बघवत नाही, तेव्हा मी जाते."

धाकट्याचा नंबर दहाच्या सुमारास आला. बाईंनी तयार दाखला खिडकीतून सरकवला. त्यानं खालची ओळ बोट लावून वाचली.

"केअरफुल? मी? बाई, दुसऱ्या कोणाचा कागद दिलात."

"तुमचाच आहे."

"अहो, हा घेऊन गेलो तर मला खाली स्टोअरला बसवतील! खिळे मोजत!"

"हो."

"दादाला एक आणि मला एक? का?"

मग बाईंनी सांगितलं. खिडकी लहान, मोठ्यानं बोलावं लागे, तेव्हा आवाज बाहेर जाणारच होता. मागचे चार-पाच जण ऐकत होते आणि त्यांच्याकडून गोष्ट मागे मागे सरकत होती. साहेबांनी काय म्हटलं होतं, आपण काय टाकलं, अर्थ विचारायला तो आला तेव्हा आपण काय शिकवलं, सगळं त्यांनी सांगितलं. 'पुढे व्हायचं' हेसुद्धा गाळलं नाही.

"म्हणजे भिंतीवर आहे ते खोटं?" धाकटा म्हणाला.

"सही खरी आहे. शब्द माझा."

"तुम्ही कोण हो ठरवणार, माझा भाऊ कसा होता ते?"

"कोणी नाही. टायपिस्ट."

"मग आत्ता माझं काय करताय? परत तुम्हीच ठरवताय की!"

नऊ वर्षं त्यांनी स्वतःशी पुष्कळ वाद घातले होते, पण हा मुद्दा त्यांना कधी सुचला नव्हता. त्यांनी कोरा कागद घेतला, कार्बन लावला आणि यंत्रात चढवला.

"खरंय," त्या म्हणाल्या. "तो फाडा. कोणता शब्द टाकू ते तुम्ही सांगा, तोच टाकते. पहिल्या वेळी तुमच्या दादांना हे कोणी विचारलं नव्हतं."

धाकट्यानं तोंड उघडलं. "अरे, आटप ना!" मागून ओरडा झाला. तो वळून ओरडणाऱ्याकडे रागानं बघायला गेला आणि त्याची नजर रांगेवरून मागे मागे गेली, टोकापर्यंत. तिथे त्याला काय दिसलं, काही दिसलं की नाही, बाईंना कळलं नाही. त्याचा कान तेवढा त्यांच्या बाजूला होता आणि तो लाल झाला होता. त्यानं दाखला फाडला नाही. दुमडून शर्टाच्या खिशात कोंबला आणि निघाला.

तो रांगेच्या शेवटाशी पोचला तेव्हा तीनदानं, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आपली जागा सोडली. भावाच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून, त्याच्या त्या जुन्या सावकाश चालीनं तो फाटकाकडे गेला. बाई उठून उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना खिडकीतून पहिल्यांदाच त्याचे पाय दिसले.

फाटकाबाहेर मोठा रस्ता होता, ट्रकांची वर्दळ. धाकटा हा रस्ता रोज धावत्या गाड्यांमधून ओलांडायचा, ड्रायव्हरांच्या शिव्या ही त्याला सलामी वाटायची. आज तो कडेला थांबला. एक ट्रक गेला. दुसरा बराच लांब होता, पण तोही त्यानं जाऊ दिला. मग एक रिकामी सायकल ढकलत नेणारा म्हातारा गेला, त्यालाही वाट दिली. नंतर तो पलीकडे गेला. त्याच्या मागून आणखी कोणी रस्ता ओलांडला का, ते बाईंना बघता आलं नाही, कारण पुढच्या माणसानं खिडकीत कोपर टेकवलं होतं.

"बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "मला काय लिहिणार आहात?"