यादीतून न काढलेला फोन

बेटेगावचे ते काका हरवले तो दिवस माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी तेव्हा बोईसर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. सकाळी अकराच्या सुमारास त्यांची सून ठाण्यात आली. सासऱ्यांचं वय सत्तरीच्या पुढे, विसरण्याचा आजार, त्यात मधुमेह. साडेनऊला इन्सुलिन दिलं, ती पोहे आणायला आत गेली, तेवढ्यात ते बाहेर पडले.

"पोटात काही नाही, साहेब. असे राहिले तर बेशुद्ध पडतील."

मिसिंगची नोंद घेतली, बिनतारी संदेश दिला, फोटो सगळ्या ग्रुपवर पाठवला. मोबाइलचं लोकेशन काढायला सांगणार, तर फोनमध्ये सिमच नव्हतं. "दिवसभर कुणालाही फोन लावायचे, म्हणून आम्हीच काढलं," ती मान खाली घालून म्हणाली. घरच्या वायफायवर अभंग ऐकण्यापुरता तो फोन उरला होता, आणि तो त्यांच्या खिशातच होता.

काकांनी सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केली होती. तिथलं कॉम्प्युटरचं सगळं जाळं त्यांनीच उभारलेलं. म्हणून मी आधी तिथल्या फाटकावर गेलो.

"नाय साहेब, हितं कोन नाय आलं," रखवालदार म्हणाला. फोटो नीट न बघताच म्हणाला, हे मी मनात ठेवलं.

जीपमध्ये बसतो तोच ठाण्यातून निरोप आला. एका बाईने फोन करून 'ते म्हातारे काका कारखान्याच्या आतच आहेत' एवढं सांगून ठेवून दिला होता. मी तसाच आत गेलो आणि काकांचं नेटवर्कचं काम आता कोण बघतं ते विचारलं. तिशीतली एक इंजिनिअर होती, मूळची सांगलीकडची. मला पाहताच ती उभी राहिली आणि टेबलावरच्या वस्तू उगीच सरळ करू लागली.

"फोन तुम्ही केलात?"

"नाही."

मी खुर्ची ओढून बसलो. "बाई, त्यांच्या अंगात इन्सुलिन आहे आणि पोटात अन्न नाही. तुमचं काय चुकलंय ते मला आत्ता ऐकायचंच नाही. ते कुठे आहेत तेवढं सांगा."

तिचे डोळे भरून आले. मग भराभर बोलली. कारखान्यात परवानगी असलेलीच यंत्रं नेटवर्कला जोडली जातात. प्रत्येकाला एक ठरलेला आकडी पत्ता, म्हणजे आयपी. माणूस निवृत्त झाला की त्याचा फोन त्याच दिवशी यादीतून काढायचा. "सरांचा मी काढला नाही. मला हे काम त्यांनीच शिकवलं. दर तपासणीला 'काढला' असं लिहीत आले. ग्रुपवर फोटो आला तेव्हा यादी बघितली, तर सरांचा फोन जोडलेला. नोकरी जाईल म्हणून ठाण्याला फोन करताना नाव सांगितलं नाही."

तिने पडद्यावर दाखवलं. फोन दहा वाजून वीस मिनिटांनी जोडला गेला होता, तोही मागच्या बाजूच्या वायफाय उपकरणावरून. त्याच्या टप्प्यात बंद पडलेल्या तीन शेड होत्या. आम्ही धावतच निघालो. दुसऱ्या शेडमध्ये, जुन्या कपाटामागे, काका जमिनीवर बसलेले. शर्ट घामाने चिंब, आणि ते तुटक्या केबली रंगाप्रमाणे वेगळ्या करत होते.

"आलीस?" ते तिला म्हणाले. "हे कुणी असं लोंबत ठेवलं?"

"करते सर नीट. आधी हे घ्या." तिने वाटेत कँटीनमधून घेतलेलं साखरपाणी त्यांच्या ओठाला लावलं. चार घोट गेल्यावर त्यांची नजर माझ्या गणवेशावर आली.

"साहेब, व्हिजिटर पास घेतलात ना?"

मी नाही म्हणालो. ते नाराज झाले.

दवाखान्यात नेलं, साखर वर आली. संध्याकाळी रखवालदार आपणहून ठाण्यात आला. "सायबांना पास कसा मागू? आमाला त्यांनीच लावलं हितं. सलाम केला नि सोडलं. मागून तुमी आलात तसा घाबरलो."

काकांचा मुलगा त्याच्यावर तक्रार द्यायला निघाला होता. सुनेनेच त्याला थांबवलं. सिम आपण काढलं होतं, हे ती विसरली नव्हती. इंजिनिअरला मी सांगितलं, आजच वरिष्ठांना खरं सांगा. नियम बरोबर आहे. नोकरीतून गेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं की तिथून कुणीही आत शिरू शकतं. तिने सांगितलं. लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. काकांचा फोन तिने स्वतः यादीतून काढला, आणि त्या रविवारी त्यांना भेटायला बेटेगावला गेली.

साक्षीदार खोटं बोलला की त्याचा गुन्ह्यात हात असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. त्या दिवशी दोघं खोटं बोलले, आणि दोघांचाही त्या म्हाताऱ्यावर जीव होता. त्यानंतर हरवलेल्या माणसाचा तपास करताना मी सुरुवातीलाच हे सांगू लागलो, की तुमची चूक नंतर बघू, आधी माणूस सापडू द्या. एवढं ऐकून समोरचा खुर्चीत जरा सैल बसायचा, आणि बहुतेक वेळा पुढचं वाक्य खरं असायचं.