नलूच्या ताऱ्याची दुसरी बाजू

नलू गेल्याचा फोन शाळेत आला. मावसबहीण गेली म्हटल्यावर आधी रडू यायला हवं होतं. माझ्या मनात आलं, इथेही हीच पुढे…

आम्ही दोघी एकाच वयाच्या. तिची आई लवकर वारली, म्हणून ती आमच्याकडे भिवंडीला वाढली. बीएस्सी बरोबरच केलं. मग मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि ती मुंबईला संशोधनाला गेली. नव्याने जन्मणाऱ्या ताऱ्यातून वायूचे झोत कसे बाहेर पडतात, ते ती कॉम्प्युटरवर गणितं मांडून घडवून बघायची. शनिवारी घरी यायची ती छापील कागदांची जाडजूड घडी घेऊनच. माझी आई अंजूरची, चौथी शिकलेली. माझ्या वर्गात काय चाललंय हे तिने कधी विचारलं नाही. नलूची चौकशी मात्र उंबऱ्यातच सुरू व्हायची, पाणी द्यायच्याही आधी.

एकदा नलू सांगत होती, की तारा भोवतालचा वायू गिळून मोठा होतो, पण सगळाच त्याच्या पोटात राहत नाही, थोडा वरून आणि खालून जोरात फेकला जातो. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग ते बाळच हाय की. दूध ओकतंय." नलू हसून हसून लोळली. पुढे तिच्या संस्थेतही सगळे तसंच म्हणू लागले म्हणे. आई माझी, आणि तिचं वाक्य मिरवणार नलू! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

कागदावर चित्र अर्धंच असे. दोन्ही झोत सारखेच, म्हणून एकाच बाजूचं गणित करायचं आणि दुसरी आरशातल्यासारखी धरून चालायचं, तेवढाच मशीनचा वेळ वाचतो. आईला हे काही पटलं नाही. "एका कुशीवरचं बाळ बघून दुसऱ्या कुशीचं कळतं व्हय? दोन्ही बाजू बघ." मोठं मशीन मिळालं की नक्की बघते मावशी, असा शब्द नलूने दिला. मशीन आलं तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती.

तिचे जुने कागद आईने स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेत, त्यावर डाळी-पिठाचे डबे. गेल्या शनिवारी मी शाळेतून आले, तर आई डबे खाली काढून फळी पुसत होती. नलू गेली हे तिला पक्कं ठाऊक आहे, तिचं डोकं शाबूत आहे. तरी माझी चाहूल लागताच, कागदावरची नजर न काढता तिने विचारलं, "बाळ ओकलं का गं?"

इतक्या वर्षांत दारातच मला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि तोही दर शनिवारी नलूला विचारायची तोच. राग आला. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली.

"ओकलं," मी म्हटलं. "दोन्ही बाजूंनी."