हात पाठीमागे बांधणारे सर

टॅबवाले सर शिकवायला उभे राहिले की दोन्ही हात पाठीमागे घ्यायचे आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवायचे. समोरच्या बाईचं बोट टॅबवर भलतीकडेच चाललंय, तिला घाम फुटलाय, ती केविलवाण्या नजरेने सरांकडे बघतेय, तरी ते हात काही पुढे येत नसत. "हात माझा नाय लागणार," एवढंच म्हणायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या गृहस्थांना स्वतःलाच काही येत नसणार.

गारखेड्यातल्या आमच्या वृद्धाश्रमाची व्यवस्था मी बघते. कोण जेवलं, कुणी गोळी घेतली, कुणाला झोप लागली नाही, हे सगळं तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुसलं जायचं. विश्वस्तांच्या मनात आलं की हे आता टॅबवर यावं, म्हणजे पुण्याच्या नि परदेशातल्या मुलांना घरबसल्या मोबाइलवर दिसेल. असे टॅब वृद्धाश्रमांना देणाऱ्या एका संस्थेने आमच्याकडे सरांना पाठवलं. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. इस्त्रीचा बुशशर्ट, खांद्याला खाकी पिशवी आणि दर चौकात बंद पडणारी स्कूटर. सकाळी बजाजनगरचं ज्येष्ठांचं केंद्र, दुपारी आम्ही, असा त्यांचा फेरा असायचा.

पहिल्या दिवशी त्यांनी टॅब पिशवीतून काढलाच नाही. आजी-आजोबांच्या पंगतीला बसून जेवले, दोघातिघांशी गप्पा मारल्या, बशीत ओतून चहा प्यायले आणि निघाले. मी जरा तिरकसपणे विचारलं, आज शिकवणी नाही वाटतं? तर म्हणाले, "ताई, आधी घर बघायचं, मंग वायर टाकायची." टेलिफोन खात्यातली ही म्हण त्यांनी आयुष्यभर सगळ्याला लावली होती, मुलीचं स्थळ बघतानासुद्धा.

हात बांधण्याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांच्या खात्यात कॉम्प्युटर आले तेव्हा शिकवायला एक साहेब आले होते. साहेबांनी आठवडाभर शिकवलं आणि आठवडाभर माउस स्वतःच्याच मुठीत ठेवला. "माझा हात माउसला एकदाच लागला," सर म्हणाले, "साहेब गेल्यावर पुसून ठेवताना." त्या साहेबांवरचा राग त्यांनी असा काढला होता, दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं बटण कधी न दाबून.

मला मात्र ते सोडत नसत. मी पासवर्ड कागदावर लिहून टॅबच्या मागे चिकटवला होता, तर किल्ली कुलपालाच बांधलीय म्हणून माझी सगळ्यांसमोर थट्टा केली. मीही त्यांच्या चहातल्या साखरेवरून त्यांना बोलून घ्यायची. दोघांनीही ऐकलं नाही.

खरा प्रश्न चंद्रकलामावशींचा होता. मावशी फुलंब्रीहून रोज एसटीने कामाला येत. रडणाऱ्या आजींना गप्प करावं ते त्यांनीच, हट्टी आजोबांना अंघोळ घालावी ती त्यांनीच. पण अक्षरओळख जेमतेम. आणि आश्रमाच्या सचिवांनी जाहीर केलं होतं की दिवाळीपर्यंत ज्यांना टॅब येणार नाही, त्यांनी दुसरं काम बघावं. मावशींचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. त्या टॅबला हात लावण्याआधी पदराला बोटं पुसायच्या.

"म्या दाबलं आन् बिघडलं तर, सर?"

"बिघडू द्या. बिघडवल्याबिगर येत नसतंय," सर म्हणायचे, हात मागे.

टॅबवर चित्रं होती. ताटाच्या चित्राखाली हिरवं दाबलं की जेवले, लाल दाबलं की जेवले नाहीत. दिवाळीच्या आत मावशी हे सगळं न चुकता करू लागल्या. सर त्या दिवशी पेढे घेऊन आले, जणू त्यांचीच पोर पास झाली होती.

पुढे घोडं पेंड खायला लागलं ते वेगळ्याच जागी. आमच्याकडे नाना म्हणून एक निवृत्त मास्तर होते. एका संध्याकाळी ते जेवले नाहीत, मावशींनी इमानाने लाल दाबलं. लाल दाबलं की मुलाच्या मोबाइलवर थेट निरोप जायचा. मुलाचा पुण्याहून फोन आला आणि त्याने बापाला लहान पोरासारखं झापलं. एवढे पैसे भरतो, सगळं मिळतं, तरी तुमची नाटकं का? फोन स्पीकरवर होता. नाना सगळ्या पंगतीदेखत रडले आणि मावशींना म्हणाले, उद्यापासून माझं हिरवंच दाब. मावशींनी नानांचं हिरवं दाबलं, मग कुणालाच झापून घ्यायला नको म्हणून सगळ्यांचंच दाबायला लागल्या. सचिव पाहुण्यांना टॅब फिरवून दाखवायचे, बघा, आमच्याकडे कुणी उपाशी राहत नाही.

तपासायला येणाऱ्या डॉक्टरांनी नानांना वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा भांडं फुटलं. नानांना सलाइन लावावं लागलं. कवळी टोचत होती म्हणून ते कित्येक दिवस रात्रीचं जेवतच नव्हते. विश्वस्तांची बैठक बसली आणि सचिवांनी एका वाक्यात निकाल लावला की बाईला काढा आणि शिकलेली मुलगी ठेवा.

सरांनाही बोलावलं होतं. आत जाण्याआधी ते व्हरांड्यात मावशींजवळ बसले आणि असं का केलं, एवढंच त्यांनी शांतपणे विचारलं. मावशी खाली बघत म्हणाल्या, "लाल दाबलं की पोरगं बापाला बोलतंय. ज्याला मी हातानं भरवते, त्याची चुगली कशी करू, सर?"

सर उठले. मग आत जाऊन विश्वस्तांना म्हणाले, "चूक माझी हाये. मी दिवाणखाना बघितला आन् घर बघितलं म्हणलो." त्यांनी सांगितलं की मावशींना काढायचं असेल तर हा टॅबही काढा, कारण नवी मुलगीही मायाळू निघाली तर हेच करेल, आणि मायाळू नसेल तर तिला इथे ठेवून उपयोग काय? मग त्यांनी संस्थेशी भांडून दोन गोष्टी बदलून आणल्या. लाल रंग जाऊन तिथे हळदीसारखा पिवळा आला. आणि निरोप मुलाकडे न जाता आधी माझ्याकडे येऊ लागला. माणूस का जेवला नाही ते आधी आम्ही बघायचं, मग घरी फोन करायचा. सचिव कुरकुरले, पण मावशी राहिल्या. नानांची कवळी घासून आणली आणि ते पुन्हा भाकरी खाऊ लागले.

सरांच्या पत्नी आधीच गेलेल्या, मुलगी नागपूरला नोकरीत. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, तेव्हा मुलगी स्वतःकडे चला म्हणत होती. ते तिकडे न जाता आमच्याकडे आले. म्हणाले, हे घर मी बघितलेलं आहे. थोडे दिवस बरे गेले. मग संध्याकाळचं ताट तसंच परत येऊ लागलं. कारण विचारलं की भूक नाही म्हणायचे, म्हणून घरी फोन करणं आम्ही लांबवत होतो. एकटेपण त्यांना खात होतं, पण ते मुलीला कळू द्यायचं नव्हतं.

एके दिवशी मावशी टॅब घेऊन त्यांच्या खाटेशी उभ्या होत्या, मीही तिथेच होते. सर जड जिभेने म्हणाले, "मावशी, हिरवं दाबा. पोरगी उगं घोर लावून घेती."

मावशींनी टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकल्या आणि आपले दोन्ही हात पाठीमागे घेऊन मनगट धरलं. "हात माझा नाय लागणार, सर," त्या म्हणाल्या. "तुमीच दाबा."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. रागावले असं मला वाटलं, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग डाव्या हाताचं बोट हळूहळू टॅबवर आलं, हिरव्यापाशी थांबलं आणि पुढे जाऊन त्यांनी पिवळं दाबलं. मी नागपूरला फोन केला. मुलगी दुसऱ्या दिवशी आली, तिने वरणभात कालवला आणि सरांनी तो तिच्या हातून खाल्ला. तिने लांब रजा घेतली. सर फार दिवस राहिले नाहीत, पण जेवढे राहिले तेवढे दिवस ती जवळ होती.

सर गेल्यावर त्यांचं नाव टॅबवरून काढायचं होतं. मावशींना आता ते माझ्यापेक्षा चांगलं येतं. त्या टॅब घेऊन आल्या, माझ्या टेबलावर ठेवला आणि हात पाठीमागे घेऊन उभ्या राहिल्या. सरांचं नाव मी काढलं.