भोवऱ्याची गिटार

आमच्या घरात काहीही विकत घ्यायचं असलं की बायकोचे मामा येतात. सारंगखेड्याजवळच्या गावाहून येतात. पांढरे कपडे, पांढरी टोपी, खांद्यावर मोठा रुमाल. फ्रिज, कूलर, बोअरची मोटर, सगळं त्यांनीच पारखून दिलं आहे. बावीस वर्षांपूर्वी मलाही त्यांनीच पारखलं. पण त्यांची मूळ ख्याती घोड्यांची. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेली माणसं त्यांना आधी चहा पाजतात आणि मग सोबत नेतात. त्यांनी पसंत केलेल्या एका निर्दोष घोड्याने लग्नात बँड सुरू होताच नवरदेवाला कापसाच्या शेतात नेलं होतं. मामा हे सांगत नाहीत. मला धानोऱ्याच्या एका पाहुण्याने सांगितलं, तेही मध्येमध्ये डोळे पुसत.

यंदा दिवाळीनंतर बायको म्हणाली, "मला गिटार घ्यायचीय."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड.च्या वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणीने तिला चार कॉर्ड शिकवल्या होत्या. पुढे मैत्रीण लग्न होऊन गिटारसकट सासरी गेली. नंतर हिचंही लग्न झालं आणि त्या चार कॉर्ड आमच्या घरी आल्या, फक्त गिटारशिवाय. पोळ्या लाटता लाटता ती मध्येच थांबायची आणि डाव्या हाताची बोटं लाटण्यावर नेमक्या जागी दाबायची. मी इतकी वर्षं त्याला संधिवात समजत होतो.

"मामांना सांगायलाच हवं का?" मी विचारलं.

तिने मामांना फोन लावला. तिचे वडील ती लहान असतानाच गेले. तिला शिकवलं मामांनी, डी.एड.ला घातलं मामांनी. त्यांना ती आजवर कधी नाही म्हणाली नव्हती.

नंदुरबारच्या बाजारात वाद्यांचं एक जुनं दुकान आहे. मामांसकट आम्ही तिघं तिथे गेलो. दुकानवाले चाचा पिढ्यान्पिढ्या ढोलकी मढवणाऱ्या घरातले. ढोलक्या आणि बेंजोंच्या गर्दीत तीन-चार गिटारी प्लास्टिकमध्ये लटकत होत्या. चाचांनी एक काळी, चकचकीत गिटार काढली.

"भाभीजी, ये लो. इसमें वायर लगता है. डीजे को जोड दो, पूरा मोहल्ला सुनेगा."

"मोहल्ल्याला नाही ऐकवायचं, चाचा. मला एकटीला ऐकायचंय."

मग तिने स्वतःच कोपऱ्यातली एक साधी, तपकिरी, बिनवायरची गिटार मागितली. स्टुलावर बसून एक कॉर्ड धरली आणि तारांवरून अंगठा फिरवला. वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरून बरोबर उत्तर आल्यावर होतो, तसा तिचा चेहरा झाला. दुसरी कॉर्ड तिने वाजवलीच नाही.

"हीच," ती हळूच मला म्हणाली.

मामांनी गिटार हातात घेतली. लांब धरली, जवळ धरली, एका डोळ्याने मानेच्या रेषेवरून पाहिलं.

"मान सरय शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. वरच्या खुंट्या पिळून पाहिल्या. "कान बी बरोबर." मग पोटावर दोन थापा मारल्या आणि कान लावून ऐकलं. "पोरी, पोट पोकय शे इन्हं."

"मामा, पोकळ है तो ही बजेगा," चाचा म्हणाले.

"पोकय माल बठाच वाजस. माले नको सांगू."

पोकळ माल सगळाच वाजतो, हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. सत्कार समारंभांत उपयोगी पडतं.

मग त्यांनी गिटार उलटी केली आणि हात आखडला. पाठीच्या लाकडात, बरोबर मध्यावर, रेषा गोल फिरून एका ठिपक्याशी गेल्या होत्या. एरवी कोणी म्हणालं असतं, लाकूड सुंदर आहे. मामा घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहून माणसांची नशिबं सांगणारे.

"भोवरा शे. खोगीरनी जागावर. मालकले पाडस."

"मामा, मी काय इन्हावर बसनार शे का?"

"बसो नहीतर वाजाडो. खोड ती खोड. ती काई ली ले. रंग दख, चमक दख." आणि काळ्या गिटारकडे हात करून त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला.

यात्रेत भाव बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. काळ्या गिटारच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी सगळ्या बाजाराला दिसेल अशी लोंबत होती. तरी मामांनी चाचांचा हात रुमालाखाली ओढला. बायकोने तपकिरी गिटार अजून मांडीवरून खाली ठेवली नव्हती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"मामा, यासना डोकावर दोन भोवरा शेतस. लगीननी येले तुम्ही दखेल व्हतं ना?"

मामांचा हात रुमालाखाली थांबला. चाचांचाही, कारण तो मामांच्या मुठीत होता.

डोक्यावर दोन भोवरे असलेल्या माणसाची दोन लग्नं होतात, असं आमच्याकडे मानतात. आमचं ठरलं तेव्हा कुजबुज झाली होती. मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "टोपी घालीसन बसा, पाव्हना." मी अक्षता पडेपर्यंत टोपी काढली नाही. मला वाटत होतं, तो मानाचा भाग आहे.

"टोपी काढा, पाव्हना," मामा आता म्हणाले.

थंडीमुळे मी कानटोपी घालून होतो. काढली. मामा माझ्या डोक्यावर वाकले.

"केसच नही ऱ्हायनात. आते भोवरा कोठे दखू?"

"एक इधर है, मामा," चाचांनी मोकळ्या हाताने दाखवला.

"बावीस वरीस व्हयनात," बायको म्हणाली. "यासनी माले पाडं का?"

मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. एवढा वेळ त्यांनी लग्नाच्या वेळीही घेतला नव्हता.

"पाडं नही," ते शेवटी म्हणाले. "पन चाल धीमी शे."

मग त्यांनी चाचांचा हात सोडला.

"बरं. एक भोवरावाला सांभाया, आखो एक सांभाय. पन इलेबी टोपी घाला."

चाचांनी टोपी म्हणून गिटारची काळी कापडी पिशवी काढली. भाव अर्थात पुन्हा रुमालाखालीच ठरला. चाचा मध्येच "गुदगुली होती है, मामा" म्हणत हसत सुटले आणि मामांनी तो होकार धरला.

घरी आल्यावर बायकोने तीन कॉर्ड ओळीने वाजवल्या. चौथी येईना. बोटं तारांवर ठेवायची, उचलायची, पुन्हा ठेवायची. "मोबाइलवर बघ," मी म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि लाटणं घेऊन आली. डोळे मिटून त्यावर डाव्या हाताची बोटं दाबली, क्षणभर तशीच ठेवली, आणि जशीच्या तशी उचलून गिटारच्या मानेवर नेली.

चौथी कॉर्ड वाजली.

बाहेर ओट्यावर मामा कोणाशी तरी फोनवर मोठ्याने बोलत होते, "मीच पसंद करी. भोवरा शे, पन शुभ शे!"